तिसऱ्या फेरीचे गुण

सोमवारी लॉन्ड्री बंद असते, म्हणून आम्ही सोमवारी भांडतो. सकाळी अकरा ते एक. शटर अर्धं वर, वाकून आत शिरायचं, कपड्यांच्या गाठोड्यांवर बसायचं आणि विषय एकच: आजच्या काळातला सगळ्यात मोठा बॉक्सर कोण. आठ वर्षं झाली, निकाल लागलेला नाही. आणि निकाल द्यायचं काम माझ्याकडे, ही खरी कटकट.

मला या वादाचा कंटाळा आलाय, हे आधीच सांगून टाकतो. गुडघे दुखतात. शटरखालून वाकताना कमरेत कळ येते. लालबागच्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी टॉवरची कामं चालू आहेत, त्यामुळे अर्धं बोलणं ओरडून करावं लागतं. बायको म्हणते, "मग जाऊ नका ना." तिचं बरोबर आहे. पण सोमवारी साडेदहा वाजले की मी चपला शोधायला लागतो. जाण्याचं जे खरं कारण होतं, ते मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

आम्ही तिघं. लॉन्ड्रीवाला आमच्याच चाळीतला, माझ्याच मजल्यावर वाढलेला, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तरुणपणी तो स्वतः बॉक्सर होता, आणि चांगला होता. मला दादा म्हणतो. दुसरा माझगावचा, गोदीतला रिटायर फिटर. मूळ मालवणचा, आणि चिडला की अजून तिकडचंच बोलतो. तिसरा मी. गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी बॉक्सिंगचा पंच. परीक्षा देऊन झालेला पंच, कोटाला बिल्ला लावून रिंगणाशेजारी बसणारा. त्या बिल्ल्यापायी ही दोघं अजून माझ्या तोंडाकडे बघतात.

बॉक्सरांची नावं घ्यायची नाहीत, हा नियम लॉन्ड्रीवाल्यानं केला. नाव घेतलं की फिटर खिशातून मोबाइल काढायचा, किती जिंकल्या, किती हरल्या ते वाचून दाखवायचा आणि वादाची मजाच जायची. आता मोबाइल इस्त्रीच्या टेबलाच्या खणात पडतात. नाव नाही म्हणजे आकडे नाहीत, डोळ्यांनी जे बघितलं तेवढंच बोलायचं. मग टोपणनावं आली. एकाला आम्ही 'शटर' म्हणतो. तो कधी हरलाच नाही. खांदा वर, हनुवटी आत, समोरच्यानं हात उचलला की खाडकन बंद. दुसरा 'भिंगरी', लहान चणीचा, डावखुरा, आपल्याहून जाड माणसांना शोधत वरच्या वजनात जात राहिला, पडलासुद्धा, आणि उठला. तिसरा 'भोंगा'. लढतीआधी महिनाभर जीभ चालवायचा, आणि बहुतेक वेळा बोलल्याप्रमाणे करून दाखवायचा.

बोलून घसा सुकला की लॉन्ड्रीच्या गुलाबी पावत्यांच्या मागे तिघांनी गुण लिहायचे, घडी घालायची, आणि मी उघडून वाचायचे. जुन्या पद्धतीनं, विसापैकी. आठ वर्षांत एकदाही तिघांचं एकमत झालेलं नाही.

"शटर कसलो मोठो?" फिटर म्हणायचा. "पळपुटो मेलो! बारा फेऱ्यो नुसतो मागे मागे."

"काका, पळाला तर पळाला. मार खाल्ला नाही ना?" लॉन्ड्रीवाला म्हणायचा. "मार खाणं म्हणजे बॉक्सिंग नाही."

"आणि भिंगरीची ती फाइट? चोरल्यानी! डोळ्यांदेखत चोरल्यानी!"

"पंचांनी दिलं ना? मग संपलं."

हे शेवटचं वाक्य तो दर सोमवारी एकदा तरी म्हणायचा. फिटरला सगळ्या जगात चोरी दिसते, क्रिकेटमध्ये, निवडणुकीत, कोळणीच्या काट्यात. लॉन्ड्रीवाल्याला कुठेच दिसत नाही. कुठल्याही बॉक्सरवर कुठेही अन्याय झाला म्हणा, हा पंचांच्या बाजूनं उभा. म्हणायचा, "तो तीन फुटांवर बसलेला असतो. आपण सोफ्यावर. त्याला जास्त दिसतं." खरा मोठा बॉक्सर कोण, तर हरल्याचं ऐकून जो मान खाली घालतो आणि समोरच्याचा हात वर करतो तो, असं त्याचं मत. मग फिटर हटकून जुना विषय काढायचा.

"तुझा पण तसांच झाला. मी थंय होतंय, फाइट बघूक. आमच्या माझगावच्या पोराक फुकट दिल्यानी. मी आमच्या बाजूचो असून सांगतंय."

"काका, पंच दादा होता. दादानं दिलं नाही, म्हणजे मी हरलो होतो. विषय बंद."

मी पावत्यांच्या घड्या उघडत बसायचो. वर बघायचो नाही.

ती लढत सांगायलाच हवी. पस्तीस वर्षं झाली. परळच्या एका मैदानावर मंडप घातला होता, शहरातली निवड चाचणी होती. जिंकणारा राज्याच्या संघात जायचा, आणि संघात गेला की खेळाच्या कोट्यातून नोकरीची आशा. लॉन्ड्रीवाल्याच्या बापाची गिरणी बंद पडून वर्ष झालं होतं. हा बावीस वर्षांचा. आमच्या सगळ्या चाळीनं त्या एका लढतीवर डोळे लावले होते. माझगावच्या पोराशी होणाऱ्या अंतिम लढतीला एक पंच आलाच नाही. प्रमुखांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बसता का?"

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की तो माझ्या मजल्यावरचा पोरगा आहे, मला बसवू नका. दुसऱ्याला बसवलं असतं, काही बिघडलं नसतं. पण अंतिम लढतीला मला कुणी याआधी बसवलं नव्हतं. मी कोट झटकला आणि जाऊन बसलो. त्या चार पावलांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पुढचं घाबरून झालं, हे मात्र हौसेनं झालं.

त्या काळी फेरी जिंकणाऱ्याला वीस गुण, हरणाऱ्याला एकोणीस, फारच मार खाल्ला तर अठरा. समान वाटली तर दोघांना वीस. तीन फेऱ्या. शेवटी बेरीज सारखी आली तरी पंचाची सुटका नाही, कुणा एकाच्या नावापुढे खूण करावीच लागे. पाच पंच, ज्याच्या बाजूला तीन तो जिंकला.

पहिली फेरी माझगावच्या पोरानं घेतली, त्यात शंका नाही. आमच्यावाला सुरुवातीला दबूनच खेळला. दुसरी यानं काढली, उजव्या हाताचे दोन सरळ ठोसे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एकोणीस आणि वीस, दोघांचे एकोणचाळीस. तिसरी सुरू व्हायच्या आधी माझ्या मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी ओरडलं, "टेन्शन नको रे! पंच आपलाच हाय!" लोक हसले. पलीकडच्या पंचानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

तिसरी फेरी आमच्या पोराची होती. स्वच्छ होती. त्याचा डावा हात सारखा लागत होता आणि माझगावचा दोरांवर टेकला होता. मी ते बघत होतो, आणि बघता बघता माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की गुण याच्याकडे गेले तर लोक म्हणणार, गल्लीतला म्हणून दिला. घंटा झाली. मी वीस-वीस लिहिलं. बेरीज एकोणसाठ, एकोणसाठ. खूण करायची होती. मी माझगावच्या नावापुढे केली.

निकाल तीन विरुद्ध दोन. माझी खूण दुसरीकडे गेली असती, तर निकालही तिकडे गेला असता.

दुसऱ्या दिवशी चाळीत लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं असेल असं तुम्हाला वाटेल. उलट झालं. आधी शिव्या बसल्या, मग दोन दिवसांत सूर बदलला. माणूस कडक आहे म्हणाले. स्वतःच्या मजल्यावरच्यालाही सोडलं नाही म्हणाले. ती कीर्ती वर पोहोचली. पुढच्या वर्षापासून मला मोठ्या स्पर्धांची बोलावणी यायला लागली, बाहेरगावी राहायची सोय, हार, नारळ. आणि मी ते सगळं घेतलं. नको म्हटलं नाही.

पोरानं बॉक्सिंग सोडलं. हातमोजे कुणाला तरी देऊन टाकले, मामाच्या लॉन्ड्रीत उभा राहिला, पुढे तीच चालवायला घेतली. मी स्वतःला समजावलं, की घरची ओढाताण, बाप घरी बसलेला, सोडणारच होता. हे समजावणं बरीच वर्षं पुरलं. मग आठ वर्षांपूर्वी मी रिटायर झालो आणि एका सोमवारी तो म्हणाला, "दादा, ये ना, गप्पा मारू बॉक्सिंगच्या." मी गेलो. दर वेळी ठरवून जायचो, की आज सांगायचं. आणि दर वेळी शटर मोठा की भिंगरी मोठा यावर गुण वाचून परत यायचो.

माझा स्वभाव तसा भांडखोर. रिक्षावाल्याशी, बँकेत, कुणाशीही मी दोन हात करतो. पण या एका गोष्टीत माझी बोबडी वळायची.

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी फिटर आला नव्हता. डोळे दाखवायला शीवला गेला होता. लॉन्ड्रीवाला एकटाच होता, आणि खणात मोबाइल टाकायच्या ऐवजी त्यानं तो माझ्या हातात दिला.

"हे बघ जरा."

त्याच्या मुलीची लढत होती. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात आहे, दादरला बॉक्सिंग शिकायला जाते. बापानं तिला कधी शिकवलं नाही आणि कधी अडवलंही नाही. आदल्या शनिवारी निवड होती, ती तीन-दोननं हरली. त्या दिवशी सकाळी म्हणाली, की आता बस झालं, मी सोडते.

मी लढत बघितली. मला चष्मा बदलायला झालाय, पण पायांची हालचाल मला अजून कळते. शेवटची फेरी तिची होती. खूप मोठ्या फरकानं नाही, पण होती. बाकीच्या दोन एक इकडे, एक तिकडे.

"काय?" त्यानं विचारलं.

"चांगली खेळली."

"ते नाही रे. तू सांग तिला. घरी जाऊन नीट सांग. मी म्हटलं तिला, पंचांनी दिलं नाही म्हणजे कुठेतरी कमी पडलीस तू, रडत बसू नको. नसेल जमत तर सोड, अभ्यास कर. मी पण सोडलं होतं ना? काय बिघडलं माझं? पण ती माझं ऐकून घेत नाही. म्हणते, पप्पा, तुम्हाला काय कळतंय, मी जिंकलेय. तू पंच होतास, तुझं ऐकेल. एकदा सांगितलंस की तिच्या डोक्यातून जाईल, पोरगी मोकळी होईल."

बाहेर ड्रिल सुरू झालं. मी ते थांबायची वाट बघत राहिलो. खरं सांगतो, मला 'हो' म्हणायचं होतं. हो म्हणायचं, संध्याकाळी जाऊन तिला दोन शब्द सांगायचे, चहा प्यायचा आणि घरी जाऊन आडवं व्हायचं. इतका थकलो होतो मी त्या सगळ्याला. अडुसष्टाव्या वर्षी माणसानं अजून कुणाच्या पोरीचा निकाल का द्यावा?

ड्रिल थांबलं.

"तू सोडलंस ते घरच्या ओढाताणीमुळे ना?" मी विचारलं.

"छे," तो म्हणाला. "बाबा तर मागे लागले होते, पुढच्या वर्षी परत बस, आम्ही कसंही भागवू. सगळी चाळ म्हणत होती चोरी झाली. मी म्हटलं, दादा होता ना तिथे. बाकीच्या पंचांचं सोड, त्यांना काय माझं? पण दादानं मला लहानपणापासून बघितलंय. त्याला मी जिंकलेला हवा होतो. त्याला देता आलं असतं तर त्यानं दिलं असतं. त्यालाही देता आलं नाही, म्हणजे माझ्यात नव्हतंच तेवढं."

हे तो अगदी सहज बोलला, शर्टाची कॉलर सरळ करत. त्यात तक्रार नव्हती. उलट, माझं कौतुक होतं.

मला वाटलं होतं, मी त्याची एक लढत घेतली. एका संध्याकाळची चूक, असं मी मनाशी म्हणत आलो होतो. त्यानं माझ्या खुणेचा अर्थ काय लावला असेल, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला उठून बाहेर जावंसं वाटलं. पण ते शटर, त्याखालून पटकन बाहेर पडता येत नाही मला.

"तिसरी तुझी होती," मी म्हणालो.

"कुठली तिसरी?"

"तुझी. माझगावच्या पोराबरोबरची. तिसरी फेरी तू घेतली होतीस. मी समान लिहिली."

त्यानं कॉलर सोडली. "समान वाटली असेल."

"नाही वाटली. वीस-एकोणीस होती, स्वच्छ. मला दिसत होतं. मागून कुणीतरी ओरडलं, पंच आपलाच हाय. मी घाबरलो. बेरीज सारखी केली आणि खूण तिकडे केली."

मी बोलत सुटलो, लाज वाटेपर्यंत. पलीकडच्या पंचानं कसं बघितलं, मी आधीच उठायला हवं होतं, मी कितीदा सांगायला आलो होतो. तापात बरळणाऱ्या पोरासारखं माझं तोंड चालू होतं. त्यानं हात वर केला, तेव्हा मी थांबलो.

"तीन-दोन होता निकाल," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे तुझ्याच एका खुणेवर होतं."

"हो."

"तू दिली असतीस तर मी संघात होतो."

"हो."

तो शिव्या देईल अशी माझी तयारी होती. देऊन मोकळा झाला असता, तर मलाही बरं वाटलं असतं, हेही कबूल करतो. त्यानं शिव्या दिल्या नाहीत. इस्त्रीच्या टेबलापाशी पाठमोरा उभा राहिला, दोन्ही हात टेबलावर टेकून. सत्तावन्न वर्षांचा माणूस, खांदे अजून बॉक्सरचेच आहेत. मी त्या पाठीकडे बघत बसलो. आठ वर्षं आम्ही दोघांनी जगातल्या मोठमोठ्या बॉक्सरांचं मोजमाप केलं, आणि तो स्वतःला त्या मापात कुठेच धरत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. ती नम्रता नव्हती. मी लिहून दिलं होतं तसं.

मग त्यानं माझ्या मांडीवरचा मोबाइल उचलला आणि मुलीला फोन लावला.

"कुठे आहेस? ... नाही, जेवायचं राहू दे. संध्याकाळी दादरला जायचं. ... मी सांगतोय म्हणून. ... सकाळी मी म्हटलं ते सोड, मला माहीत नव्हतं. मी बघितली तुझी फाइट, तू जिंकलीस. ... अगं, पंच काय, माणसंच ती, तीही घाबरतात."

ती पलीकडून काहीतरी बोलत होती. तो ऐकत होता. मी त्याच्यापासून तीन फुटांवर, गाठोड्यावर. त्यानं आवाज खाली केला नाही.

"कोण घाबरलं, ते मला विचारू नको आता," तो म्हणाला. "तू फक्त जा. कुणा एकानं दिलं नाही म्हणून सोडायचं नसतं. मी सोडलं."